तराणा कसा बसवावा: ‘दिर दिर’पासून तिहाईपर्यंत

तराणा म्हणजे ‘दिर’, ‘तोम’ अशा अक्षरांवर गायचा शास्त्रीय गायनातला प्रकार. त्यात सहसा शब्द नसतात, म्हणून तो शब्दांच्या बंदिशीपेक्षा सोपा असेल असं नव्या विद्यार्थ्याला वाटतं. पण शब्द असलेल्या ख्यालगायनात एखादं अक्षर सैल पडलं तरी शब्दाचा अर्थ त्याला सांभाळून घेतो. तराण्यात ‘दिर’चा ‘डिल’ झाला की तो लगेच कानाला टोचतो, कारण ऐकणाऱ्याच्या हाती अक्षर, सूर आणि लय एवढंच असतं. परंपरा तराण्याचं नातं कवी अमीर खुसरोशी जोडते. या अक्षरांना फारसी अर्थ आहेत, असं ख्यालगायक उस्ताद अमीर खाँ मांडत असत. गाताना मात्र त्यांचं काम तबल्याच्या बोलांसारखं चालतं.

आधी नुसती अक्षरं

पहिले तीन-चार दिवस सूर लावू नका. हातानं तीनताल (सोळा मात्रांचा, म्हणजे सोळा ठोक्यांचा ताल) धरा: १, ५ आणि १३ वर टाळी, ९ वर खाली (टाळी न वाजवता हात उघडायचा). लय मिनिटाला ६० मात्रांची ठेवा आणि प्रत्येक मात्रेला एक अक्षर म्हणा. ना, ता, दा, रे ही मोकळी अक्षरं, ती लांबवता येतात. त, न ही आखूड, लगेच सोडायची. तोम, दीम ही मिटणारी. ‘तोम’चा ओठ लवकर मिटला की सूर नाकात जाऊन विझतो. ‘ओ’वर सूर पूर्ण लावा आणि ‘म’ अगदी शेवटी येऊ द्या.

‘दिर’ची तयारी

खरी मेहनत इथे आहे. ‘द’ला जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे लागतं, ‘र’ला किंचित मागे हिरडीवर. एवढीच हालचाल हवी. आरशासमोर बसून हनुवटीला बोट लावा. ‘दिर दिर’ म्हणताना हनुवटी वरखाली होत असेल तर जबडा जिभेचं काम करतो आहे आणि द्रुत लयीत तो नक्की दमणार. ‘इ’ ऱ्हस्व ठेवा. ‘दीर’ झालं की लय मागे पडते.

६० च्या लयीत मात्रेला एक ‘दिर’, मग मात्रेला दोन. लय दहा-दहा मात्रांनी वाढवा आणि अक्षर फुटलं की एक पायरी खाली या. २४० च्या लयीत मात्रेला एक ‘दिर’ म्हणजे सेकंदाला ८ अक्षरं होतात. तिथे पोहोचायला महिने लागतात आणि ते लागू द्यावेत.

स्थायी

स्थायी म्हणजे रचनेचा पहिला, पुन्हा पुन्हा येणारा भाग. सरावासाठी भूप रागातली ही छोटी ओळ घ्या. उठाव (सुरुवात) खालीपासून, सम (पहिली मात्रा) ‘तोम’वर. कंसात सूर आहेत, सां म्हणजे वरचा सा; ऽ असेल त्या मात्रेला नवं अक्षर नाही.

९–१२: ना दिर दिर दा (सां सांसां धध प)
१३–१६: नी त दा नी (ग रे सा रे)
१–४: तोम ऽ त न (ग ऽ प ग)
५–८: दे रे ना ऽ (रे रे सा ऽ)

इथे हमखास एक घोटाळा होतो. ‘नी’ हे अक्षर दिसलं की गळा निषादाकडे (सरगमेतल्या ‘नी’कडे) ओढला जातो, विशेषतः ज्यांनी सरगम भरपूर घोटली आहे त्यांचा. भूपात निषाद नाहीच आणि तेराव्या मात्रेवरचा ‘नी’ गंधारावर (ग) आहे. म्हणून ओळ आधी आकारात (नुसत्या ‘आ’वर) गाऊन पक्की करा, मगच तीवर अक्षरं बसवा. श्वास आठव्या मात्रेच्या विसाव्यात घ्या. ‘दिर दिर’च्या मध्ये घेतलात तर पुढचा धैवत (ध) उतरतो.

८० च्या लयीत सलग दहा आवर्तनं (तालाचे पूर्ण फेरे) न चुकता झाली की लय वाढवायला हरकत नाही. ऐकायला वीणा सहस्रबुद्धे, मालिनी राजूरकर आणि निसार हुसेन खाँ यांचे तराणे घ्या. एकेक तराणा पाच वेळा ऐका आणि त्यातल्या दोन वेळा फक्त अक्षरांकडे कान द्या.

अंतऱ्यात (रचनेच्या दुसऱ्या भागात) कधी फारसी शेर येतो, कधी पखवाजाचे बोल. शेराचे उच्चार जाणकाराकडून तपासून घ्या.

तिहाई

‘त दा नी तोम’ हा चार मात्रांचा तुकडा तीनदा म्हणून शेवटचा ‘तोम’ समेवर आणायचा, हीच तिहाई. मध्ये विसावा नसेल तर सहाव्या मात्रेपासून उठा. दोन तुकड्यांमध्ये एकेक मात्रा थांबायचं असेल तर चौथीपासून. चौथीपासून उठून विसावे खाल्ले तर ‘तोम’ पंधराव्या मात्रेवरच येऊन आदळतो. नवशिक्यांची बहुतेक तिहाई अशीच फसते. उपाय सोपा आहे: विसाव्याच्या मात्रेला मांडीवर बोट टेकवा, आणि ती सवय अंगात भिनेपर्यंत तिहाई ठेक्याबरोबर म्हणा, तबलजीबरोबर नंतर.