वादातलं पोरगं संघात घेताना

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फुटबॉल बघायला बसलेल्याला गोल दिसतो. तालमीचा फुटबॉल संघ बांधणाऱ्याला पोरगं कळायला हवं. म्हणून नोंदणीच्या फॉर्मवर सही घेण्याआधी त्याच्या पेठेत जा. जुन्या कोचला भेटा, घरी आईजवळ बसा, नेमकं काय घडलं ते विचारा. रेफ्रीच्या अंगावर धावून जाणं वेगळं, बाईमाणसावर हात टाकणं वेगळं. बाईमाणसावर हात टाकणाऱ्याला मी घेणार नाही, कितीही गोल मारू दे.

रागीट पोरगं मात्र सांभाळता येतं. इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेड क्लबच्या एरिक कँटोनानं जानेवारी १९९५ मध्ये प्रेक्षकाला लाथ घातली आणि सप्टेंबरअखेरपर्यंत बाहेर बसला. क्लबनं त्याला सोडलं नाही. त्याला घेऊनच १९९६ ला इंग्लंडची लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले.

घेतलात तर अट पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगा: सरावाला दांडी मारली की पुढच्या मॅचला बाहेर, मग समोर पाटाकडील तालीम असो नाहीतर खंडोबा तालीम. सोबतीला एक शांत सिनियर द्या. पेठांच्या ईर्षेत शिव्या पडणारच, तेव्हा सरावातच त्याला मुद्दाम डिवचा. खांदा मारा, जर्सी ओढा, आणि त्याचे हात बघा. मूठ वळली तर अजून थांबा. बॉलमागं पळाला तर मैदानात उतरवा.