जुनी लेफ्ट हँड डिफेंडर युरोपातून अमेरिकेत कशी आणावी

घाटावर किंवा कोकणात वाढलेल्या माणसाला जिपेचं वेड समजावून सांगावं लागत नाही. अमेरिकेत येऊन स्थिरावलं की ते वेड बऱ्याचदा लँड रोव्हर डिफेंडरवर जाऊन बसतं. कंपनीनं ही गाडी इथे १९९३ ते १९९७ या काळातच, फार थोड्या संख्येनं विकली, आणि तीसुद्धा पेट्रोलवर चालणारी व्ही-८. डिझेल इंजिनाची हवी असेल तर बाहेरूनच आणावी लागते. उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेली गाडी चालवायला इथे बंदी नाही, पण दुपदरी रस्त्यावर ट्रकला ओव्हरटेक करताना रोज जीव मुठीत धरावा लागतो. म्हणून इंग्लंडपेक्षा स्पेन, पोर्तुगाल, इटली, फ्रान्स इकडे बघा.

आधी तारीख, मग गाडी

अमेरिकेच्या १९८८ च्या कायद्यानुसार २५ वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला इथल्या सुरक्षा मानकांतून सूट मिळते. ही वर्षं कारखान्यातून गाडी बाहेर पडल्याच्या महिन्यापासून मोजतात. मॉडेलचं वर्ष किंवा पहिल्या नोंदणीची तारीख त्यासाठी धरत नाहीत. मार्च २००१ मध्ये बनलेली गाडी फेब्रुवारी २०२६ मध्ये बंदरात उतरली तर ती २५ वर्षांची नाही, बस्स. उत्पादनाची तारीख लेखी हवी असेल तर लँड रोव्हरचं हेरिटेज सर्टिफिकेट मागवा. त्याचा खर्च किरकोळ आहे आणि कस्टम्ससमोर ते फार कामाला येतं.

प्रदूषणाचा नियम वेगळा. पर्यावरण खातं, म्हणजे ईपीए, २१ वर्षांवरच्या गाडीला सूट देतं, पण गाडी मूळ स्थितीत असली तरच. १९९२ च्या गाडीत कुणी नंतरचं टीडी-५ इंजिन बसवलेलं असेल, तर ती चालायला कितीही छान असली तरी सोडून द्या.

नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवा. गाडीची ओळख असलेला १७ अक्षरांचा नंबर (व्हीआयएन) इंजिनाच्या कप्प्यातल्या पट्टीवर असतो आणि चॅसिसच्या उजव्या दांड्यावर, पुढच्या चाकाजवळ ठोकलेलाही असतो. तिथे चिखल, ग्रीस आणि काळ्या रंगाचे थर बसलेले असतात. तारेचा ब्रश घ्या, तिरका टॉर्च मारा, मग आकडे उठून दिसतात. नववं अक्षर ८ असेल तर गाडी कारखान्यातूनच लेफ्ट हँड, पाच गिअरची मॅन्युअल म्हणून निघालेली. ७ असेल तर मूळची राइट हँड, नंतर बदललेली. बदललेली गाडी बेकायदा नसते, पण डॅशबोर्ड, स्टिअरिंग बॉक्स, वायरिंग यांत कुणाचा तरी हात फिरलेला असतो. दहावं अक्षर मॉडेलचं वर्ष सांगतं.

एका विक्रेत्यानं मला पाठवलेल्या फोटोत पट्टी जुनाट, पुसट होती, पण तिचे रिव्हेट नव्या नाण्यासारखे चमकत होते, म्हणजे पट्टी नंतर कुणीतरी बसवलेली. चॅसिसवरच्या नंबराचा फोटो मागितला. आधी टाळाटाळ, मग उत्तरच बंद. ती गाडी मी मनाने आमच्या दारात उभीसुद्धा केली होती, म्हणून फार वाईट वाटलं. पण नंबर जुळत नसेल तर पुढे काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय: २०१४ साली सरकारनं लोकांच्या दारातून सुमारे ४० डिफेंडर जप्त करून नेल्या होत्या.

नवीन गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली, चॅसिस घातलेली गाडी गंजाच्या दृष्टीनं उत्तम, पण त्या चॅसिसवर मूळ नंबर नसेल तर तिची ओळख सिद्ध करणं तुमच्या माथी येतं. त्यापेक्षा कोरड्या मुलखातली मूळ चॅसिसची गाडी मी कधीही घेईन.

गंज कुठे शोधायचा? मागचा आडवा दांडा, पाय ठेवायच्या जागेचा पत्रा, बल्कहेडचे (इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या भिंतीचे) वरचे कोपरे आणि दरवाजांचे खांब. बॉडी ॲल्युमिनियमची असली तरी सांगाडा लोखंडाचा आहे, आणि दोन्ही धातू टेकतात तिथे ॲल्युमिनियम पांढरं पडून भुगा होतो. हातोडीच्या दांड्यानं चॅसिस ठोकत जा. ठणठणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर पत्रा आतून गंजलाय.

कागद आणि कर

स्पेनमधून घेत असाल तर ‘पेर्मिसो दे सिर्कुलासिओन’ हा नोंदणीचा आणि ‘फिचा तेक्निका’ हा तांत्रिक तपशिलाचा, असे दोन मूळ कागद लागतात. शिवाय निर्यातीसाठी तिथली नोंदणी रद्द केल्याचा पुरावा आणि सही केलेलं विक्रीपत्र. पैसे पूर्ण देण्याआधी या सगळ्याच्या स्कॅन प्रती तुमच्या हातात हव्यात.

करात मोठी मेख आहे. प्रवासी गाडीवर मूळ आयातकर २.५ टक्के, पण मालवाहू गाडीवर २५ टक्के. युरोपनं अमेरिकन कोंबड्यांवर कर लावला म्हणून १९६४ पासून अमेरिकेनं हा कर लावला. कोंबड्यांचं भांडण मिटलं, कर राहिला. म्हणजे २०,००० डॉलरच्या स्टेशन वॅगनला ५०० डॉलर आणि त्याच किमतीच्या पिकअपला ५,००० डॉलर. मागे खिडक्या नि सीट नसलेली हार्डटॉपही मालवाहूत मोडू शकते. शिवाय गाडीच्या किमतीवर ०.३४६४ टक्के प्रक्रिया शुल्क आणि ०.१२५ टक्के बंदर शुल्क. अलीकडे आयातकर वारंवार बदलतायत, तेव्हा सौदा पक्का करण्याआधी कस्टम्स ब्रोकरकडून त्या दिवसाचा आकडा लेखी घ्या. ब्रोकर नेमायला कंजुषी करू नका. कस्टम्सचा बाँड, म्हणजे कर भरण्याची हमी, तीही तोच काढून देतो.

जहाज

दोन वाटा आहेत. रो-रो जहाजात गाडी चालवत चढवतात. हे स्वस्त पडतं, पण गाडीत सुटं सामान ठेवता येत नाही. कंटेनर महाग, पण गाडी कुलूपबंद. माझा कल कंटेनरकडे. मात्र छतावरचा रॅक धरून उंची मोजा, कंटेनरचं दार साधारण २.२८ मीटर उंच असतं. कंटेनर जहाजावर चढण्याच्या २४ तास आधी ‘आयएसएफ’, म्हणजे येणाऱ्या मालाची आगाऊ माहिती, कस्टम्सकडे गेलेली असावी लागते. चुकलं तर दंड ५,००० डॉलरपर्यंत.

निघण्याआधी गाडी खालून वाफेनं धुवून घ्या आणि पावती जपा. परदेशी माती अमेरिकेचं कृषी खातं आत येऊ देत नाही. ऑफ-रोड फिरलेल्या गाडीच्या चॅसिसच्या पोकळीत किलोकिलोनं माती असते, ती नुसत्या पाइपनं धुतल्यानं निघत नाही.

आगमनाच्या वेळी दोन फॉर्म: वाहतूक खात्याचा एचएस-७, त्यात पहिला चौकोन, म्हणजे २५ वर्षांची सूट; आणि ईपीएचा ३५२०-१, त्यात ई हा कोड. कस्टम्सचा ७५०१ फॉर्म शिक्क्यासह परत मिळतो. तो आणि एचएस-७ नसेल तर राज्यात नोंदणी अडते. राज्याराज्यांचे नियम वेगळे, कॅलिफोर्नियाचे प्रदूषणाचे तर फारच कडक. त्यामुळे हा प्रश्न गाडी घेण्याआधीच तुमच्या डीएमव्हीला, म्हणजे राज्याच्या वाहन नोंदणी कार्यालयाला, विचारा.

भारतातले नातेवाईक हमखास विचारतात, हीच गाडी पुढे पुण्याला पाठवता येईल का? नाही. भारतात जुनी गाडी आणायची तर सर्वसाधारण नियमानं ती तीन वर्षांच्या आतली आणि उजव्या स्टिअरिंगची लागते.

न्यूअर्कला किंवा बाल्टिमोरला गाडी उतरली की ती चालवत घरी नेण्याचा मोह आवरा, फ्लॅटबेडवर न्या. ३०० टीडीआय हे डिझेल इंजिन असेल तर टायमिंग बेल्ट कधी बदललाय याचा कागद शोधा. सापडला नाही, तर पहिली लांबची फेरी मारण्याआधी बेल्ट बदला आणि कव्हर उघडल्यावर आत रबराचा काळा भुसा साचलाय का तेही बघा. साचला असेल तर बेल्ट सरळ धावत नाहीये. अशा वेळी पुलीची दुरुस्तीही त्याच खेपेला करून घ्या.