कमांड-लाइन प्रोग्रॅमचे पर्याय ठरवताना या चुका टाळा

लासलगाव आणि पिंपळगाव बसवंत येथील कांदा लिलावाच्या नोंदींवरून अहवाल काढणारा ‘भाव’ नावाचा छोटा प्रोग्रॅम नाशिकच्या एखाद्या व्यापाऱ्यासाठी लिहायचा आहे, असे समजू. ‘भाव --बाजार लासलगाव पिंपळगाव मार्च.सीएसव्ही’ ही कमांड वाचायला सरळ वाटते: ‘--बाजार’ हा पर्याय, पुढची दोन नावे ही त्याची मूल्ये आणि शेवटी फाइल. मात्र पायथनच्या आर्गपार्समध्ये, म्हणजे कमांडमधील पर्याय वाचून देणाऱ्या मॉड्यूलमध्ये, ‘--बाजार’ला एक किंवा अधिक मूल्ये घेण्याची मुभा दिली असेल, तर तो पर्याय फाइलीचे नावही बाजारच समजून गिळतो. फाइल सक्तीची असेल, तर ती डोळ्यांसमोर दिसत असतानाही ‘फाइल दिलेली नाही’ असा संदेश येतो. फाइल न दिल्यास कीबोर्डवरून माहिती घ्यायची, अशी रचना असेल, तर प्रोग्रॅम काहीच न बोलता थांबून राहतो, आणि हा दोष शोधणे अधिक कठीण असते. म्हणून एका पर्यायाला एकच मूल्य ठेवावे आणि ‘--बाजार लासलगाव --बाजार पिंपळगाव’ असा तो पुन्हा देऊ द्यावा. टंकन वाढते, ही तक्रार मला फारशी पटत नाही. मूल्य ऐच्छिक असेल, तर जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या प्रथेप्रमाणे ते ‘--रंग=नेहमी’ असे बरोबरच्या चिन्हाने जोडूनच स्वीकारावे.

दुसरी चूक उशिरा उघडी पडते. आर्गपार्स लांब पर्यायाचे अर्धवट नावही स्वीकारतो, त्यामुळे कोणीतरी आपल्या स्क्रिप्टमध्ये ‘--बा’ एवढेच लिहून ठेवतो. पुढे गोण्यांच्या हिशेबासाठी ‘--बारदान’ हा पर्याय आला की ‘--बा’ संदिग्ध ठरतो आणि जुनी स्क्रिप्ट बंद पडते. ही मुभा बंद करण्याची सोय पायथन ३.५ पासून आहे. ती आपल्या प्रोग्रॅमच्या पहिल्याच आवृत्तीत वापरावी.

फाइलीच्या नावानंतर दिलेला पर्याय लिनक्सवर बहुधा चालतो, कारण जीएनयूची लायब्ररी क्रम बदलून घेते. पॉसिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींच्या मानकानुसार मात्र पर्याय आधी यावेत, आणि मॅकओएसवरील ‘एलएस’ ही फाइलींची यादी दाखवणारी कमांड फाइलीच्या नावानंतर आलेल्या ‘-एल’ला फाइलच समजते. त्यामुळे दाखल्यांत पर्याय नेहमी आधीच लिहावेत.

फाइलीचे नावच ‘-जुने’ असे आडव्या रेघेने सुरू होत असेल, तर ‘--’ नंतरचे काहीही पर्याय मानू नये, हा संकेत पाळावा. आपला प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोग्रॅमला फाइलींची नावे देत असेल, तर तेथेही ‘--’ घालण्यास विसरू नये.

पासवर्ड पर्यायातून घेऊ नये. प्रक्रियांच्या यादीत तो इतरांना दिसू शकतो. ‘--मदत’चा मजकूर नेहमीच्या आउटपुटवर द्यावा, तर चुकीच्या वापराचा संदेश त्रुटींच्या प्रवाहावर पाठवून शून्येतर संकेतांकाने (शून्य म्हणजे यश) बाहेर पडावे. आर्गपार्स त्यासाठी २ वापरतो.