माळावरचा इंचभर बेडूक कसा शोधावा

बेडूक बघायचे तर आंबोलीच गाठायला हवी, असं पुण्याकडच्या पुष्कळांना वाटतं. आमच्या बारामती तालुक्यातल्या सुप्याचा माळ त्यांनी बघितलेला असतो तो मे महिन्यातला, करपलेला. जूनमध्ये दोन दणकून पाऊस होऊ द्या, मुरूम उचललेल्या खड्ड्यांत वीतभर पाणी साठू द्या, मग या. मयूरेश्वर अभयारण्यात रात्री शिरायचं नाही; बाहेरचं गायरान पुरतं. जवळ धनगरांचा वाडा असेल तर आधी सांगून ठेवा, नाहीतर कुत्री खड्ड्यापर्यंत पोचूच देणार नाहीत.

शोधायचाय तो मायक्रोहायला, म्हणजे या नावाच्या चिमुकल्या बेडकांच्या गटातला एक. अंधार पडला की पाण्यापासून वीसेक पावलांवर बॅटरी बंद करून उभे राहा. कंगव्याच्या दातांवरून नख ओढल्यासारखा कर्रर्र आवाज येतो, तो याचा. आवाज एवढा दांडगा की नवखे लोक मोठा बेडूक शोधत बसतात, आणि हा जेमतेम इंचभर, गवताच्या बुंध्याशी दडलेला. पावलं वाजली की सगळे गप्प. हलू नका. थोड्या वेळाने एखादा उतावळा सुरू करतोच, मग बाकीचे त्याच्यामागे.

दोघं असाल तर दहा-बारा फुटांच्या अंतराने उभे राहा आणि एकाच आवाजाकडे हात करा. हातांची दिशा जिथे मिळते तिथल्या बुंध्यात तो असतो. आता बॅटरी लावा, तीही लाल जिलेटीन गुंडाळून. गवत उपटायचं नाही, बोटाने बाजूला करायचं. आधी दिसतो तो फुगलेला गळा. मग निमुळतं तोंड, गुळगुळीत तपकिरी पाठ आणि तिच्यावर डोळ्यांच्या मधून निघून मागे रुंद होत गेलेली गडद नक्षी. अंगावर उभ्या वळ्या दिसल्या तर तो दुसरा कुणीतरी. एवढ्याशा तोंडात मावतं काय, तर मुंग्या आणि वाळवी. माळावर दोन्हींना तोटा नाही.

पायात गमबूट हवेतच. दगड उलथून शोधाशोध करू नका. खाली फुरसं असू शकतं. ओडोमॉस लावलेल्या हाताने बेडकाला शिवू नका, त्याची कातडी सगळं शोषते.

सकाळी त्याच खड्ड्यावर परत जा. पाण्यावर बारीक ठिपक्यांचा एकपदरी तवंग असेल, ती अंडी. पुढे पारदर्शक पिल्लं पाण्यात अधांतरी तरंगताना दिसतात. डबकं आटायच्या आत त्यांना पाय फुटायला हवेत, म्हणून वृक्षारोपणासाठी हे खड्डे बुजवणाऱ्यांचा मला राग येतो. सरकारदरबारी माळ म्हणजे पडीक जमीन, त्याला कोण काय करणार!

नोंद करताना फोटोपेक्षा मोबाइलवर टेपलेला आवाज जपा. मायक्रोहायला ऑर्नाटा ही या गटातली एक जात, तिचं नाव 1841 सालचं. तिच्यासारखीच दिसणारी नीलफामारिएन्सिस ही जात 2015 मध्ये बांगलादेशातून वेगळी काढली गेली. नुसत्या पाठीच्या फोटोवर जात ठरवू नका, ‘मायक्रोहायला’ एवढंच लिहा. आणि दुसऱ्या डबक्यावर जाण्याआधी बूट धुऊन कडकडीत वाळवा; एका पाण्यातला रोग दुसऱ्यात जातो तो असाच.