टपालाने येणारी काचेची कांडी आणि हवेच्या दाबाचा सापळा

किरणोपचार विभागात फिजिसिस्ट म्हणून नव्याने रुजू झाला असाल, तर पहिल्या महिन्यातच विचारा: आपल्या लिनॅकचं (किरणं देणाऱ्या यंत्राचं) आउटपुट, म्हणजे ते प्रत्यक्ष देतं ती किरणांची मात्रा, बाहेरच्या कुणी शेवटचं कधी तपासलं? उत्तर मिळालं नाही, तर विचारणं सोडू नका.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना १९६९ पासून रुग्णालयांना टपालाने डोसिमीटर (मात्रा मोजणारी वस्तू) पाठवतात. आधी टीएलडीची (तापवल्यावर उजळून मात्रा सांगणाऱ्या पदार्थाची) पूड असायची, २०१७ पासून काचेची बारीक कांडी असते, जेमतेम १२ मिलिमीटर लांबीची. आपण तिला पाण्यात ठरलेली मात्रा द्यायची, तक्ता भरायचा आणि परत पाठवायची. व्हिएन्नाजवळच्या सायबर्सडॉर्फच्या प्रयोगशाळेत ती वाचली जाते आणि आपण लिहिलेली मात्रा खरंच मिळाली का ते कळतं. रुग्णालयाला यासाठी शुल्क नाही. फरक ५ टक्क्यांच्या आत हवा. बाहेर गेला तर दुसरा संच येतो आणि कारण शोधायला मदत मिळते. ही परीक्षा नाही, घाबरू नका.

कांडी पाण्यात ठेवतानाच्या चुका ठळक असतात. मात्रा २ ग्रे (ग्रे हे मात्रेचं एकक) द्यायची, पण ती १० सेंटिमीटर खोलीवर, जास्तीत जास्त मात्रेच्या खोलीवर नाही. ६ एमव्हीच्या किरणांना १०० सेंटिमीटर एसएसडीवर (स्रोतापासून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर) आणि १० बाय १० च्या फील्डमध्ये १० सेंटिमीटर खोलीचा पीडीडी (तिथली मात्रा जास्तीत जास्त मात्रेच्या किती टक्के) साधारण ६७ टक्के असतो, म्हणजे एका मॉनिटर युनिटला (यंत्र मात्रा मोजून देतं ते एकक) जास्तीत जास्त मात्रेच्या खोलीवर १ सेंटिग्रे धरला तर सुमारे ३०० मॉनिटर युनिट लागतील. घाईत २०० देऊन मोकळं झालात तर कांडीला १.३४ ग्रेच मिळतील. अशी चूक लगेच उघडी पडते. कंट्रोलची (तुलनेसाठीची, मात्रा न द्यायची) कॅप्सूल मात्र आठवणीने उपचारकक्षाबाहेर ठेवा.

खरा सापळा वेगळाच आहे, आणि तो वर्षानुवर्षं दिसत नाही.

आउटपुट आपण मोजतो ते फार्मर चेंबरने. या चेंबरच्या पोकळीतल्या हवेत किरणांमुळे विद्युत चार्ज तयार होतो आणि त्यावरून मात्रा काढतात. ही हवा बाहेरच्या हवेशी जोडलेली असते. दाब कमी, तर आत हवा कमी, तर चार्ज कमी. म्हणून तापमान-दाबाचा गुणक लावतो: (२७३.२ + तापमान) भागिले (२७३.२ + संदर्भ तापमान), गुणिले १०१३.२५ भागिले मोजलेला दाब हेक्टोपास्कलमध्ये. इथवर सगळ्यांना येतं. प्रश्न आहे तो 'मोजलेला दाब' कुठून आणला याचा. हवामानाच्या बातम्यांत, ॲपवर किंवा विमानतळाकडून मिळणारा दाब बहुतेक वेळा समुद्रसपाटीला आणून दिलेला असतो. तुमच्या चेंबरला समुद्रसपाटीशी काही देणंघेणं नाही. त्याला त्या खोलीतला दाब लागतो.

समजा रुग्णालय ५०० मीटर उंचीवर आहे. खोलीतला खरा दाब ९५५ च्या आसपास, ॲप मात्र १०१३ दाखवतं. २० अंशांना खरा गुणक १.०६ हवा, तुम्ही लावला १.००. मात्रा खऱ्यापेक्षा जवळपास ६ टक्के कमी दिसते. तुम्ही प्रामाणिकपणे आउटपुट वाढवता आणि त्या दिवसापासून प्रत्येक रुग्णाला ६ टक्के जास्त मात्रा जाऊ लागते. रोजच्या तपासणीत हे सापडत नाही, कारण तिची बेसलाइनही (तुलनेचा मूळ आकडा) त्याच चुकीच्या आकड्यावर बसवलेली असते. आठवड्याचं मोजमापही दाबाच्या त्याच आकड्यावर, म्हणून तेही जुळतं. सगळं एकमेकांशी जुळतं आणि सगळंच चुकलेलं असतं. काच घन असते, तिला हवेच्या दाबाचं सोयरसुतक नसतं, म्हणून टपालातली कांडी ही चूक पकडते.

पण थांबा. रुग्णालय ३०० मीटरवर असेल, तर हीच चूक साधारण साडेतीन टक्क्यांची होते. म्हणजे ५ टक्क्यांच्या आत! प्रमाणपत्र येतं, फाइलला लागतं, चूक तशीच राहते. निकाल (कांडीत मोजलेली मात्रा भागिले तुम्ही लिहिलेली मात्रा) १.०३ च्या पुढे असेल तर 'पास झालो' म्हणून सोडू नका.

तपासायला पाच मिनिटं लागतात. सखल भागात उंचीच्या दर ८ ते ९ मीटरला दाब सुमारे १ हेक्टोपास्कलने घटतो. तुमच्या ठिकाणची उंची घ्या, अपेक्षित दाब काढा आणि तुम्ही वापरता त्या दाबाच्या आकड्याशी ताडून बघा. दोन-तीन टक्क्यांचा फरक हवामानाने पडू शकतो. पण उंचावरच्या ठिकाणी आकडा बारा महिने १०१० च्या आसपास राहत असेल, तर तो खोलीतला दाब नाही. सोबत हेही बघा: इलेक्ट्रोमीटर (चेंबरचा चार्ज मोजणारं उपकरण) स्वतःच तापमान-दाबाचा गुणक लावतो का? लावत असेल आणि तुमची एक्सेल शीटही लावत असेल, तर तो दोनदा लागतो. चेंबरच्या प्रमाणपत्रावर संदर्भ तापमान २० आहे की २२? तेवढ्याने ०.७ टक्के फरक पडतो. तापमान पाण्याचं घ्या, खोलीचं नाही. फँटम (मोजमापाची पाण्याची टाकी) आदल्या रात्रीच भरून ठेवा.

वरिष्ठांनी दिलेली तयार एक्सेल शीट ही माझ्या मते या व्यवसायातली सर्वांत धोकादायक भेट आहे. वरिष्ठ चांगले असतीलही, पण शीटमधला प्रत्येक सेल उघडून सूत्र कागदावर एकदा हाताने सोडवल्याशिवाय ती वापरू नका. 'अनेक वर्षं हीच चालते' हे उत्तर मानू नका. १९९६ मध्ये कोस्टा रिकात सान होसे इथे कोबाल्टचा नवा स्रोत बसवल्यावर ०.३ मिनिटं म्हणजे ३० सेकंद असं धरलं गेलं. खरे १८ सेकंद होतात. ११५ रुग्णांना ठरल्यापेक्षा खूप जास्त मात्रा गेली. चूक इतकीच साधी होती.

टपालाच्या या तपासणीच्या, म्हणजे ऑडिटच्या, आदल्या दिवशी मशीनचं आउटपुट खास 'नीट' करून घेऊ नका. रोज रुग्णांना जे आउटपुट मिळतं त्यावरच कांडी ठेवा, मॉनिटर युनिटही रोजच्या पद्धतीनेच काढा. फरक आला, तर आधी दाब, मग गुणक दोनदा लागला का, मग पाण्यातली खोली आणि एसएसडी, मग चेंबरचा कॅलिब्रेशन गुणांक (चार्जवरून मात्रा काढायचा, प्रमाणपत्रावरचा आकडा), या क्रमाने शोधा. सापडेपर्यंत आउटपुटला हात लावू नका, आणि विभागप्रमुखांना त्याच दिवशी लेखी कळवा.