करवतीचं पातं निवडताना आधी लाकूड बघा

विजेवरच्या गोल करवतीच्या जुन्या पात्यावरचे तीन आकडे उतरवून घ्या: व्यास, मधल्या भोकाचं माप आणि कमाल आरपीएम, म्हणजे मिनिटाला किती फेरे. नव्या पात्याचा आरपीएम मशीनपेक्षा कमी असता कामा नये. १० इंची पात्याचं भोक बहुधा २५.४ मिमी असतं, नाहीतर ३०. मोठं भोक लहान स्पिंडलवर (पातं फिरवणाऱ्या दांड्यावर) बसवायचं तर भोक लहान करणारी रिंग घट्ट हवी आणि पात्याच्या पत्र्यापेक्षा जाड नको. ती बाहेर डोकावली की फ्लँज, म्हणजे पात्याला बाजूने दाबणारी चकती, पातं आवळत नाही आणि पातं फडफडतं.

आता दात. 'जास्त दात म्हणजे साफ काप' हा सल्ला दुकानादुकानात मिळतो, आणि तो ऐकून लोक ८० दाती पात्याने खानापूरचं सागवान उभं चिरायला घेतात. तिथेच सगळं बिघडतं. भुसा बाहेर काढतात त्या दातांमधल्या खाचा. लाकडाच्या रेषेच्या दिशेने, म्हणजे उभं चिरताना भुश्यात लांब तंतू निघतात. दात जास्त म्हणजे खाचा लहान, त्यामुळे ते तिथेच कोंबले जातात. पातं घासायला लागतं, फळीची कडा काळी पडते, मोटर दमते. मग माणूस जोर लावतो, आणि फळी उसळून थेट त्याच्या अंगावर येते. उभं चिरायला २४ ते ३० दात, आडव्या कापाला ६०, प्लाय आणि सनमायकाला ८०. एकच पातं परवडत असेल तर ४० घ्या.

कडा काळी पडली म्हणजे पातं बोथटच झालं असंही नाही. ओल्या फणसाचा चीक दातांच्या बाजूला तपकिरी थर धरतो. साबणाच्या कोमट पाण्यात अर्धा तास ठेवून नायलॉनच्या ब्रशने घासा, मगच नव्याचा विचार करा.

सागवानात सिलिका असते, साध्या पोलादी दातांची धार ती लवकर खाते. त्यामुळे कार्बाइडच्या, म्हणजे पोलादाहून कठीण टोकांचंच पातं घ्या. टोक जाड असेल तर धार जास्त वेळा लावता येते. टोक आणि पत्रा जोडलेली रेघ उजेडात धरून बघा. बारीक छिद्रं दिसली तर पातं परत ठेवा.

चिरलेली फट मिटू नये म्हणून पात्यामागे पट्टी असते, तिची जाडी पत्र्यापेक्षा जास्त आणि कापाच्या रुंदीपेक्षा कमी हवी. पातळ कापाचं पातं घेणारे हे हमखास विसरतात, आणि लाकूड पट्टीला अडकतं.

लाकडाचं पातं ग्राइंडरवर कधीही चढवू नका.

बसवताना प्लग काढा. दातांची दिशा बाणाप्रमाणे. नट सुटतो तो पातं फिरतं त्याच दिशेला.