क्षेत्र बदलताय? मग या चुका टाळा (आणि मला ‘सर’ म्हणू नका)

मेकॅनिकल, बीकॉम, केमिस्ट्री असं काहीही करून पाच-सहा वर्षं नोकरी झालेली आणि आता सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये किंवा डेटाच्या कामात शिरायचंय, अशी मंडळी पुण्यातल्या आमच्या मीटअपला बरीच येतात. त्यांच्या हुशारीबद्दल तक्रार नाही. घाईबद्दल आहे.

पहिल्याच मेसेजात रेफरल

‘हॅलो सर, तुमच्या कंपनीत ओपनिंग असेल तर प्लीज रेफर करा.’ सोबत ‘रिझ्युमे फायनल न्यू २’ नावाची फाइल. कुठल्या कामासाठी, ते नाही. मी बाई आहे हे प्रोफाइलच्या फोटोतसुद्धा दिसतं, पण तेवढं बघायला वेळ कुणाला आहे?

रेफर करणं, म्हणजे आपल्या कंपनीत कुणाचं नाव सुचवणं, हे पोस्टमनचं काम नव्हे. फॉर्मवर विचारतात, उमेदवाराला कसं ओळखता? तिथे मी काय लिहू, काल रात्री साडेअकराला मेसेज आला म्हणून? असे दोन-तीन जण पहिल्याच फेरीत गळले की पुढच्या वेळी माझ्या नावाने आलेला रिझ्युमे एचआर उघडतही नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं, ‘पण ओळखीशिवाय नोकरी लागत नाही.’ बरोबर आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या नोकरी बदललेल्या लोकांना हेच विचारलं होतं. त्याचा लेख १९७३ चा. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी १६.७ टक्क्यांची त्या ओळखीच्या माणसाशी नेहमी गाठ पडत होती, २७.८ टक्क्यांची क्वचित आणि ५५.६ टक्क्यांची अधूनमधून. म्हणजे जवळचा मित्र लागतो असं नाही, पण अधूनमधून भेट तरी व्हायला हवी ना!

मी नव्यांना सांगते ते असं. आधी काही बैठकांना या. बोलणाऱ्याला त्याच्याच विषयावरचा एक प्रश्न विचारा. तो सांगेल ते घरी जाऊन करा आणि काय झालं ते कळवा. ‘करून बघितलं, इथे अडलं’ असा मेसेज आला की मी जेवण बाजूला ठेवून उत्तर देते. असे मेसेज फार कमी येतात.

जुनी नोकरी लपवणं

ही माझी लाडकी चूक. चाकणच्या एका ऑटो पार्ट कंपनीत क्वालिटीत सात वर्षं काढलेला एक मुलगा यायचा. रिझ्युमेत ती सात वर्षं एका ओळीत उरकलेली आणि वर ठळक अक्षरांत दोन प्रोजेक्ट: टायटॅनिकवर कोण वाचलं आणि आयरिसच्या १५० फुलांची मापं. दोन्ही नवशिक्यांच्या सरावाचा तयार डेटा. ती फुलं १९३६ पासून संख्याशास्त्रात फिरताहेत. मुलाखत घेणाऱ्याला तोंडपाठ असतात. कुठूनच बोलावणं येईना.

एकदा चहाच्या वेळी सहज बोलताना कळलं, हा पठ्ठ्या रोज कंट्रोल चार्ट (मोजमापं नेहमीच्या मर्यादेत आहेत का ते दाखवणारा आलेख) बघायचा, एफएमईएच्या (काय काय बिघडू शकतं ते आधीच शोधायच्या) बैठकांना बसायचा, ग्राहकाची तक्रार आली की ८डी रिपोर्ट (कारण शोधून उपाय मांडणारा अहवाल) लिहायचा. हे रिझ्युमेत का नाही, असं विचारलं तर म्हणाला, “ते मेकॅनिकलचं आहे ना ताई!”

त्याला मीटअपमध्ये दहा मिनिटांचं बोलायला उभं केलं. कंपनीचा डेटा आणायचा नाही, ही अट. त्याने खोटी रीडिंग तयार केली, पायथॉनमध्ये चार्ट काढला. समोरचा एक अनुभवी डेव्हलपर म्हणाला, सगळ्या रीडिंगचं एकच स्टँडर्ड डेव्हिएशन (रीडिंग किती पसरलीत त्याचं माप) घे, दोन ओळींत काम होईल. पोरगं शांतपणे म्हणालं, तसं केलं तर शिफ्ट बदलली, टूल झिजलं, तो सगळा फरक त्यात मिसळतो, चार्टवरच्या मर्यादा रुंदावतात आणि बिघाड आतच लपतो. म्हणून पाच-पाचचे गट करून गटाच्या आतला फरक धरायचा. खोली गप्प. नंतर कारखान्यांच्या डेटावर काम करणाऱ्या एका बाईंनी स्वतःहून त्याचा नंबर घेतला. नोकरी लगेच लागली नाही, पण पहिली खरी मुलाखत तिथून मिळाली.

तेव्हा रिझ्युमे करायला बसाल तेव्हा जुन्या कामापासून सुरुवात करा. टायटॅनिक बुडू द्या.

टी-शर्टासाठी ओपन सोर्स

हॅक्टोबरफेस्ट २०२० आठवतंय? ओपन सोर्स, म्हणजे ज्यांचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा प्रोजेक्टना लोकांनी हातभार लावावा म्हणून ऑक्टोबरमध्ये होणारा उपक्रम. चार पुल रिक्वेस्ट (प्रोजेक्टमध्ये बदल सुचवणं) करा, टी-शर्ट मिळवा. व्हिडिओ बघून लोकांनी दिसेल त्या प्रोजेक्टच्या रीडमीत (माहितीच्या फाइलीत) ‘छान प्रोजेक्ट’ छापाच्या ओळी घुसवल्या. आयोजकांना ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात नियम बदलून ज्यांची संमती आहे तेवढेच प्रोजेक्ट धरावे लागले. त्यापेक्षा एखाद्या टूलचं डॉक्युमेंटेशन उघडा, पायऱ्या स्वतः चालवा आणि जिथे अडाल तिथला इश्यू, म्हणजे अडचणीची नोंद, नीट लिहा. टेस्टिंगमध्ये जायचं असेल तर हाच सराव आहे.

बाकीच्या, पटापट

नुसतं ‘हाय’ लिहून वाट बघत बसू नका, प्रश्न लिहा.

एररचा मोबाइलने काढलेला तिरका फोटो नको, मजकूर पेस्ट करा.

उत्तर मिळालं की प्रश्न डिलीट करणाऱ्यांना मी पुन्हा उत्तर देत नाही.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात १०२४ माणसं मावतात. असे वीस ग्रुप म्हणजे वीस ठिकाणी तेच फॉरवर्ड. दोन पुरेत.

‘नोकरीची हमी’ देणाऱ्या क्लासला पैसे भरण्याआधी मागच्या बॅचमधल्या दोघांना स्वतः शोधून विचारा. क्लासने दिलेल्या नंबरावर नव्हे.

शंका असेल तर ग्रुपवरच विचारा, मला खाजगीत नको. तिथे मी चुकीचं सांगितलं तर कुणीतरी लगेच टोकतं. खाजगीत तुम्ही माझं चुकीचं उत्तर घेऊन मुलाखतीला जाल.